विझलेल्या ताऱ्यांची दफ्तरे

जुन्या दफ्तरांचे मोल माळव्यातील मराठी घरांना सांगायला नको. अठराव्या शतकात पवारांबरोबर धार-देवासला आलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांत आता हिंदीही घरचीच झाली. तरी फडताळातले मोडी रुमाल अजून जपलेले आहेत. मला वाटते, आकाशालाही अशी दफ्तरे आहेत.

धारच्या भोजराजाच्या नावावरचा ‘राजमृगांक’ हा करणग्रंथ शके ९६४चा, म्हणजे इ. स. १०४२चा. पुढे बाराच वर्षांनी, ४ जुलै १०५४ रोजी, चिनी ज्योतिषांनी वृषभेत एक ‘पाहुणा तारा’ नोंदला. भर दिवसा दिसणारा तो तारा दोनेक वर्षांत दिसेनासा झाला. पण १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन बोल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रखर रेडिओस्रोताची सांगड त्याच्याच अवशेषाशी घातली.

तो आपल्या आकाशगंगेतला. शेजारच्या दीर्घिकांतले जुने स्फोट ऐकू येतील काय?

१९२३ साली माधवराव शिंद्यांनी उज्जैनच्या जीर्ण वेधशाळेची दुरुस्ती करविली. पुढे गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक झाले. त्याच वर्षी अमेरिकेत लॅम्पलंड यांना सुमारे दीड कोटी प्रकाशवर्षे दूरच्या ‘एम ८३’ दीर्घिकेत अतिनवतारा सापडला. त्याच्या क्षीण रेडिओलहरी मिळाल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले.

या लहरी येतात कोठून? मरणाऱ्या ताऱ्याने हजारो वर्षे सेकंदाला दहाएक किलोमीटर वेगाने वायू सांडलेला असतो. स्फोटाची लाट हजारपट वेगाने त्यात घुसते. चुंबकक्षेत्रात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन रेडिओलहरी देतात. म्हणजे स्फोटानंतरच्या एका वर्षाच्या वेधात आधीच्या हजार वर्षांची बखर उलगडते!

हे वाचन महाराष्ट्रातही झाले. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण उभी राहिली. १९९३ साली ‘एम ८१’मध्ये दिसलेल्या अतिनवताऱ्याचे वेध तिने सुमारे नऊ वर्षांनी घेतले. पूनम चंद्रा, अलक रे व संजय भटनागर यांनी त्यांना अमेरिकेतील वेधांची जोड देऊन तेथले चुंबकक्षेत्र अजमावले.

मात्र ही दफ्तरे कायमची नसतात. ‘एम ८३’मधलाच १९५७चा अतिनवतारा १९८०च्या दशकात ऐकू आला आणि काही वर्षांतच मंदावला. वेळेवर वाचले तेवढेच हाती लागले. आपल्या रुमालांना कसर लागण्याआधी घरातल्या एकाने तरी मोडी शिकावी, हे सांगायला आणखी कोणता दाखला हवा?