चलथाणचे दुरुस्तीकार

मुंबई इलाख्याच्या काळी तापी खोऱ्यातील लोहमार्गाने सुरत आणि खानदेश जोडले गेले, आणि त्या मार्गावरील चलथाणच्या आसमंतात साखर कारखाना व कापडधंद्याच्या आश्रयाने जो मराठी श्रमिकवर्ग स्थिरावला, त्याला १९९५ साली भारतात अवतरलेला मोबाइल नवा घेण्यापेक्षा दुरुस्त करून वापरणेच पुढे परवडणारे ठरले. या कारागिरीला, माझ्या मते, औद्योगिक इतिहासात मानाचे पान हवे. कारण सुटे भाग हाताळणाऱ्या अशाच हातांतून पुढचा उद्योग घडतो; मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रेडिओच्या सुट्या भागांची जी पेठ होती, तिथेच पुढे संगणक जुळवले जाऊ लागले. दुरुस्ती करताना प्रथम बॅटरी अलग करावी, गरम हवेने सोल्डर वितळवूनच चिप उचलावी, मंदावलेल्या संगणकात हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी, हा शिरस्ता उस्तादाकडून शागिर्दाकडे बहुधा हातोहातच उतरतो.