रील पाहून त्वचेचा उपचार ठरवताय?

खराडीत ईऑन आयटी पार्कच्या आसपास राहत किंवा नोकरी करत असाल, तर फोनवर ‘ग्लास स्किन’, हायड्राफेशिअल, लेझर टोनिंगच्या रील्स आणि पाठोपाठ जवळच्याच क्लिनिकची सवलत नक्की दिसली असेल. एक रील थांबून पाहिली की तशाच आणखी येतात. आठवड्यापूर्वी लक्षातही न येणारी नाकावरची रंध्रं मग खटकू लागतात. रंध्रं सगळ्यांनाच असतात आणि ती कायमची बंद करणारा उपचार नाही.

‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंमध्ये प्रकाश, मेकअप, फिल्टर यांतला कोणताही फरक असू शकतो. हायड्राफेशिअलनंतरची चमक खोटी नसते, पण मृत पेशींचा थर निघाल्याने आणि त्वचेला ओलावा मिळाल्याने ती येते आणि काही दिवसांत ओसरते. रीलमध्ये दिसतो तो पहिलाच दिवस.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन सक्रिय असतं. लेझरची तीव्रता चुकली, पील जास्त वेळ राहिलं किंवा नंतर उन्हात दुचाकीवर हिंडलात, तर डाग जाण्याऐवजी नवे काळे डाग येतात आणि ते महिनोन्महिने टिकतात. गोऱ्या त्वचेच्या परदेशी इन्फ्लुएन्सरला मानवलेला उपचार म्हणूनच तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोरेपणाच्या क्रीम आणि इंजेक्शनांची. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं प्रकरण 2023 मध्ये गाजलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा मेलॅनिन तयार होण्यात अडथळा आणतो, म्हणून रंग उजळतो. पण तो त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडांत साठतो. ही क्रीम रीलवरून नव्हे, ओळखीच्या ब्युटीशियनकडून आली होती. ओळखीच्या चेहऱ्यावरचा विश्वास दोन्हीकडे सारखाच काम करतो. ग्लुटाथायोनच्या इंजेक्शनला तर भारतात गोरेपणासाठी मंजुरीच नाही.

पैसे किंवा फुकट उपचार घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात आहे आणि तसं स्पष्ट सांगणं 2023 पासूनच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आवश्यक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरी ‘पेड पार्टनरशिप’ ही बारीक अक्षरं किती जण वाचतात?

क्लिनिकमध्ये गेलात तर लेझर किंवा इंजेक्शन प्रत्यक्ष कोण देणार, हे आधी विचारा. त्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. फिलरनंतर तीव्र वेदना झाल्या, त्वचा पांढरी पडली किंवा दिसणं अंधूक झालं, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा. क्रीम वापरताना पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर ती लगेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्या, लेबल नसलं तरी.