व्हिडिओ गेममधील टप्पे आणि नवशिक्यांचे गैरसमज

व्हिडिओ गेम हा शब्द आतां घरोघरच्या मुलांच्या तोंडीं आहे. असा खेळ अनेक टप्प्यांचा बनलेला असतो. त्यांसच ‘लेव्हल’ म्हणतात. एका टप्प्यांत वाटा, खड्डे, शत्रू आणि बक्षिसें कोठें असावींत हें ठरविणें ही एक स्वतंत्र विद्या होऊन बसली आहे. नवशिका तिचा आरंभ बहुधा पहिल्या टप्प्यापासून करतो. कारण जें प्रथम खेळावयाचें तें प्रथम रचावयाचें, असें त्यास वाटतें. इतिहास मात्र निराळें सांगतो.

जपानांतील निंटेंडो कंपनीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजीं बाहेर पडला. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका हे त्याचे प्रमुख रचनाकार. टप्पे चौकटीच्या कागदावर हातानें आंखले जात. सारे ३२ टप्पे, चित्रें व संगीत यांसह, अवघ्या ४० किलोबाइटांत बसवावे लागले. म्हणून ढगाचेंच चित्र हिरवें रंगवून त्याचें झुडूप केलें. नाटकमंडळींत एकच पडदा आज राजवाडा व उद्यां धर्मशाळा होई, त्यांतलाच हा प्रकार!

या खेळाचा पहिला टप्पा पुष्कळ टप्पे तयार झाल्यावर, कामाच्या उत्तरार्धांत रचला गेला. पडद्यावर सूचनेचें एक अक्षर नाहीं. नायक डाव्या बाजूस उजवीकडे तोंड करून उभा. पुढें सारी जागा मोकळी. कोणीकडे जावयाचें हें पोरासही कळतें. लगेच गूम्बा नांवाचा एक तपकिरी प्राणी समोरून येतो. उडी न मारल्यास मरण. परंतु खेळ नुकताच सुरू झालेला असल्यामुळें नुकसान थोड्या क्षणांचेंच. पुढें एका पेटींतून अळंबें निघतें. तेंही गूम्बासारखेंच दिसत असल्यानें खेळाडू बिचकतो. पण तें उजवीकडच्या नळावर आदळून परत फिरतें आणि बहुधा त्याच्या अंगावरच येतें. चुकविण्यासाठीं उडी मारावी, तर डोकें वरच्या विटांस लागून तो त्यावरच पडतो. नायक एकाएकीं मोठा होतो, आणि अळंबें हितकर आहे हा पाठ त्यास आपोआप मिळतो. शेवटाकडे समोरासमोर दोन जिने लागतात; त्यांच्यामध्यें जमीन असते, म्हणून पडलें तरी भय नाहीं. पुढें तसेच दोन जिने, पण मध्यें अथांग खड्डा! सराव आधीं, परीक्षा नंतर, हा क्रम पुष्कळ पाठ्यपुस्तकांनाही साधलेला नाहीं. आणि गंमत अशी कीं, खेळाडूस सर्वांत आधीं भेटणारा गूम्बा रचनाकारांनीं अगदीं अखेरीस निर्माण केला. आधींचे शत्रू आरंभास फार कठीण वाटले, म्हणून त्यास जन्म मिळाला.

दुसरा समज अधिक चिवट आहे : टप्पा खऱ्या जागेसारखा हुबेहूब असावा. अमेरिकेंतील ‘डूम’ खेळाच्या वेळीं टॉम हॉल यांनीं लष्करी तळांच्या धर्तीवर चौकोनी, वास्तव खोल्या आंखल्या. सहकाऱ्यांस त्या निर्जीव वाटल्या. जॉन रोमेरो यांनीं उंच छतें, जमिनीचे चढउतार आणि उजेड-अंधाराचा विरोध यांवर भर दिला; तशी इमारत कोणी राहण्यासाठीं बांधणार नाहीं, पण तेथें पुढें पाऊल टाकण्याची ओढ लागते. मतभेद विकोपास जाऊन ऑगस्ट १९९३ मध्यें हॉल यांस कंपनी सोडावी लागली. १० डिसेंबर १९९३ रोजीं खेळ निघाला, तो रोमेरो यांच्या वळणाचा. हॉल यांचा अभ्यास खोटा नव्हता, तो अस्थानीं होता, एवढेंच.

आपणांस जें सोपें तें इतरांसही सोपें, या समजुतीची झडती व्हॉल्व्ह कंपनींत झाली. ‘हाफ-लाइफ’ १९९७ च्या अखेरीस निघावयाचा होता; पण झालेलें काम मनास न पटल्यानें त्यांनीं बव्हंशीं तें मोडून नव्यानें आरंभ केला. मग बाहेरचीं माणसें बोलावून त्यांस टप्पे खेळावयास देत. रचनाकारानें जवळ बसून मुकाट्यानें पाहावयाचें, एक शब्दही सुचवावयाचा नाहीं. आपल्या मतें उघड असलेलें दार पाहुण्यास सांपडत नाहीं, हें पाहणें सोपें नव्हे. दोन तासांच्या एका बैठकींतून शंभराच्या आसपास दुरुस्त्या निघत, आणि अशा बैठकी दोनशेंहून अधिक झाल्या. खेळ नोव्हेंबर १९९८ मध्यें बाहेर आला.