डेटाबेस बदलताना तारखा सांभाळा

एका डेटाबेसमधील माहिती दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलविताना नावे, पत्ते आणि रकमा बहुधा सुखरूप पोचतात. घोळ होतो तो तारखांचा, आणि तो लगेच लक्षातही येत नाही. जन्मतारीख, निवृत्ती, विम्याची मुदत यांचा हिशेब तारखेवरच चालत असल्याने एका दिवसाची चूकही महागात पडू शकते.

दिवस आधी की महिना?

'०४/०५/१९७६' ही तारीख भारतात ४ मे, तर अमेरिकी पद्धतीत ५ एप्रिल ठरते. दोन्ही तारखा वैध असल्याने संगणक तक्रार करीत नाही. '२५/०५/१९७६' मात्र तो नाकारतो, कारण पंचविसावा महिना नसतो. त्यामुळे काही नोंदी नाकारल्या गेल्यास स्वीकारलेल्या नोंदीही संशयास्पद मानाव्यात.

दोन अंकी वर्षांचेही तसेच आहे. '५५' हे वर्ष एसक्यूएल सर्व्हर मूळ मांडणीनुसार १९५५ समजतो, तर मायएसक्यूएल २०५५.

रिकाम्या जागा आणि मर्यादा

एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या 'डेटटाइम' प्रकारात १ जानेवारी १७५३ पूर्वीची तारीख बसत नाही. ब्रिटनने सप्टेंबर १७५२ मध्ये ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली, तेव्हा २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. हा गुंता टाळणारी ही मर्यादा आहे. २००८ च्या आवृत्तीतील 'डेटटाइम२' प्रकारात ती उरली नाही.

मायएसक्यूएलमध्ये '००००-००-००' अशी नोंद आढळू शकते. पोस्टग्रेएसक्यूएल ती स्वीकारत नाही. 'डेटटाइम'मध्ये रिकामा मजकूर घातला, तर त्याची १ जानेवारी १९०० होते. ऑरॅकलच्या 'डेट' प्रकारात तारखेबरोबर वेळही साठवली जाते, याचाही अनेकांना विसर पडतो.

साडेपाच तासांचा फरक

भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. २ जूनची मध्यरात्र म्हणून साठविलेली जन्मतारीख जागतिक वेळेत रूपांतरित झाली, तर ती १ जून, सायंकाळी साडेसहा अशी होते. पुढे वेळ गाळली, की उरते १ जून. केंद्र सरकारी कर्मचारी ज्या महिन्यात वयोमर्यादा गाठतो, त्याच्या अखेरीस निवृत्त होतो. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला मात्र आधीच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजेच या एका दिवसाने त्याची नोकरी नोंदीत महिनाभर आधी संपते.

काय करावे?

१. तारखा वर्ष-महिना-दिवस या आयएसओ ८६०१ क्रमाने, चार अंकी वर्षासह बाहेर काढाव्यात. 'डेटटाइम'साठी '१९७६०५०४' हे विनाखुणेचे रूप अधिक सुरक्षित.

२. जन्मतारीख केवळ तारखेच्या प्रकारात ठेवावी. तिला वेळ वा वेळविभाग जोडू नये.

३. अज्ञात तारखेच्या जागी 'नल' ठेवावे. काल्पनिक तारीख भरू नये.

४. स्थलांतरानंतर दोन्हीकडील एकूण नोंदी, सर्वांत जुनी व नवी तारीख आणि महिनावार संख्या ताडून पाहावी. दिवस-महिन्यांची अदलाबदल महिनावार संख्येत उघडी पडते. एका दिवसाची घसरण पकडण्यासाठी काही नोंदी मूळ कागदांशी जुळवाव्यात.

५. ही पडताळणी पूर्ण होईपर्यंत जुन्या डेटाबेसची प्रत जपून ठेवावी. उलटलेली तारीख मूळ नोंदीशिवाय ओळखता येत नाही.