राजाचा रविवार, निवाड्याचा रविवार

अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांशेजारून वाहणारी तानसा पुढे पश्चिमेला जाऊन वैतरणेला मिळते. वैतरणा हे नाव पुराणातल्या त्या नदीचं, जी मेल्यावर जिवाला ओलांडावी लागते. पलीकडे यमाचा दरबार आणि चित्रगुप्ताची वही. अकलोलीला लागूनच वज्रेश्वरीचं देऊळ आहे. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत बोललेला नवस फेडायला ते बांधलं, अशी परंपरा आहे. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला आणि पोर्तुगालच्या राजाचा दोनशे वर्षांचा अंमल संपला. राजा गेला, पण त्याच्या काळात ख्रिस्ती झालेली गावं आपल्या श्रद्धेसह तिथेच राहिली.

त्याच वसईच्या चर्चमध्ये दर नोव्हेंबरात, आगमनकाळ लागायच्या आधीच्या रविवारी, ख्रिस्तराजाचा सण होतो. उपासनेचं वर्ष या सणाने संपतं. येशू हा विश्वाचा राजा आणि शेवटी निवाडाही तोच करणार, या दोन्ही गोष्टी आज या एका दिवसात अशा मिसळल्या आहेत की त्या पहिल्यापासून एकत्रच असाव्यात असं वाटतं. सणाचं कूळ मात्र वेगळं सांगतं.

श्रद्धा फार जुनी. सिंहासनं मांडली जातात, वह्या उघडल्या जातात आणि ढगांवरून येणाऱ्या मनुष्यपुत्राला अढळ राज्य मिळतं, हा प्रसंग ज्यूंच्या दानीएलच्या ग्रंथातला. पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांनी तो येशूला लावला. ३२५ मध्ये निकायाच्या धर्मसभेने श्रद्धेचं सूत्र ठरवलं. त्यात जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला ख्रिस्त पुन्हा येईल हे आलं, पण त्याच्या राज्याला अंत नाही हे आलं नाही. अंकिराचा बिशप मार्सेलस त्याच्या राज्याला शेवट आहे असं शिकवू लागला, तेव्हा ते वाक्य जोडणं भाग पडलं. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला संमत झालेल्या सूत्रात ते आहे, आणि मिस्सेत आजही म्हटलं जातं.

सण मात्र जेमतेम शंभर वर्षांचा. पहिल्या महायुद्धात रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया इथली सिंहासनं कोसळली होती आणि इटलीत मुसोलिनी सत्तेवर बसला होता. ११ डिसेंबर १९२५ रोजी पोप पायस अकरावे यांनी ‘क्वास प्रिमास’ हे परिपत्रक काढून ख्रिस्तराजाचा सण लावून दिला आणि त्याला ऑक्टोबरचा शेवटचा रविवार नेमला. राज्यकर्ते आणि राष्ट्रं यांच्याही वर एक राजा आहे, हे त्यांना ठणकावून सांगायचं होतं. त्या दिवशीचं शुभवर्तमान योहानाचं होतं: पिलात विचारतो, तू राजा आहेस का? मेक्सिकोत सरकारने चर्चची गळचेपी केली तेव्हा ‘ख्रिस्तराजाचा जयजयकार’ ही रणघोषणाच झाली. फादर मिगेल प्रो २३ नोव्हेंबर १९२७ रोजी गोळीबार पथकासमोर हात पसरून हेच शब्द उच्चारत उभे राहिले.

आपल्याकडे त्याआधीच, १९१७ मध्ये, नारायण वामन टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता. टिळक प्रॉटेस्टंट, त्यामुळे रोमच्या सणाशी त्याचा संबंध नाही. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्या दरबारात बसावेत, ही त्यांची इच्छा. १९१९ मध्ये ते गेले. राजाची इतकी मोकळी कल्पना तेव्हाच्या युरोपातही फारशी कुणी केली नसेल.

निवाड्याचा रविवार वेगळाच होता. वर्षाच्या शेवटच्या रविवारी मत्तयाचा चोविसावा अध्याय वाचत: सूर्य काळवंडतो, मनुष्यपुत्र ढगांवरून येतो. १९६९ मध्ये पोप पॉल सहावे यांनी उपासनेचं पंचांग नव्याने लावलं आणि राजाचा सण ऑक्टोबरातून उचलून याच शेवटच्या रविवारी ठेवला. वाचनंही तीन वर्षांच्या फेऱ्यात बसवली. पहिल्या वर्षी मत्तयाचा पंचविसावा अध्याय येतो: राजा सिंहासनावर बसतो आणि मेंढपाळासारखी मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे करतो. २०२३ मध्ये तो वाचला गेला. आता २०२६ मध्ये पाळी आहे.

इटलीत राव्हेन्ना इथल्या सांत अपोलिनारे नुओवो या चर्चच्या भिंतीवर सहाव्या शतकाच्या सुरुवातीचं याच प्रसंगाचं मोझेक आहे. मध्ये जांभळ्या वस्त्रातला ख्रिस्त, डोक्यावर मुकुट नाही. त्याच्या उजव्या हाताला लाल देवदूत आणि तीन मेंढरं, डावीकडे निळा देवदूत आणि तीन शेरडं. दोन्ही देवदूत सारखेच देखणे, दोघांमागेही प्रभावळ. दिवाळीनंतर देशावरून कोकणात उतरणारे धनगरांचे कळप पाहिलेल्याला हा निवाडा सोपा वाटणार नाही. दख्खनी मेंढरं बरीचशी काळी, शेरडंही काळी; दाटीत शेपूट पाहावं लागतं, मेंढराचं खाली लोंबतं आणि शेरडाचं वर असतं.

माझ्या मते १९६९ चा बदल १९२५ च्या स्थापनेहून मोठा आहे. पिलातासमोरचा राजा सत्तेला उत्तर देतो. मत्तयाचा राजा हिशेब मागतो, आणि त्या हिशेबात पंथ, पूजा, राज्य यातलं काहीच नाही. भुकेल्याला जेवण, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची शुश्रूषा, तुरुंगातल्याची भेट, एवढंच. आणि उजवीकडचे काय, डावीकडचे काय, दोघेही एकच विचारतात: आम्ही तुला कधी पाहिलं?

या कुळाला अलीकडे आणखी एक फांदी फुटली. नोव्हेंबर २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तराजाच्या सणाआधीचा रविवार गरिबांचा दिवस म्हणून नेमला. राजाच्या सणाची खरी तयारी हीच, असं कारण त्यांनी दिलं, आणि त्यासाठी याच पंचविसाव्या अध्यायाचा आधार घेतला. २०१७ पासून तो पाळला जातो.