२५९ वर्षांचा हिशेब

बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुपटीने मांडत गेले की चौसष्टावे घर भरण्यापूर्वीच राजाची कोठारे रिकामी होतात. त्या पटाला आणखी तीन घरे जोडली, तर ६७ घरांतील दाण्यांची बेरीज १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ इतकी भरते. या एकवीस अंकी संख्येचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत.

१६४४ साली पॅरिसमधील मारँ मर्सेन या विद्वान ख्रिस्ती साधूने अशा बेरजांची एक यादी छापली. २५७ घरांपर्यंतच्या बेरजांपैकी अकराच मूळ संख्या आहेत, म्हणजे एक व ती संख्या स्वतः यांखेरीज कशानेही त्यांना निःशेष भाग जात नाही, असे त्याचे म्हणणे. ६७ घरांची बेरीज त्या अकरांत होती. पुरावा मात्र त्याने दिला नाही. १७७२ साली ऑयलरने यादीतील ३१ घरांची बेरीज खरोखरच मूळ असल्याचे सिद्ध केले. एक कलम खरे ठरले, पण त्यामुळे बाकीची कलमे खरी होत नाहीत.

१८७६ साली ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने भागाकार न करता, आपल्या नव्या कसोटीने, ६७ घरांची बेरीज मूळ नसल्याचे दाखविले. चोरी झाली हे पक्के झाले, चोर मात्र सापडेना. कोणत्या संख्यांनी तिला भाग जातो, हे त्या कसोटीतून कळत नव्हते.

ते शोधले अमेरिकेतील फ्रँक नेल्सन कोल यांनी. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे गणितज्ञांच्या सभेत त्यांनी उत्तर मांडले: १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. ते फळ्यावर एक शब्दही न बोलता गुणाकार करून जागेवर बसले आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला, तसेच या शोधाला तीन वर्षांचे रविवार लागले, असे बेल या लेखकाने पुष्कळ वर्षांनी लिहिले. गोष्टीला थोडे मीठमसाला लागले असेल. गुणाकाराला ते लावता येत नाही.

मर्सेनच्या यादीत पुढे एकूण पाच चुका निघाल्या. ६७ व २५७ नको असता घेतलेले, ६१, ८९ व १०७ हवे असता गाळलेले. त्यांतील ६१ घरांची बेरीज मूळ असल्याचे १८८३ साली पेर्वुशिन या रशियातील खेडेगावच्या धर्मोपदेशकाने दाखविले. ८९ घरांची १९११ साली पॉवर्स या हौशी अमेरिकन गणितीने. दोघांपैकी कोणीही विद्यापीठाच्या गादीवर बसलेला नव्हता.

आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना हा इतिहास जवळचा वाटतो तो याचसाठी. पगाराचा तक्ता असो की बोनसचा हिशेब, वरच्यांनी केला आहे म्हणजे बरोबरच असणार, असे आमच्या माणसांना वारंवार ऐकविले जाते. मर्सेन लबाड नव्हता, मोठाच माणूस होता. तरी त्याची यादी चुकली. कोल यांचे मोठेपण असे की त्यांनी 'विश्वास ठेवा' असे म्हटले नाही. त्यांनी दोन संख्या समोर ठेवल्या. त्या शोधण्यास वर्षे लागली, पण तपासण्यास पाटी, पेन्सिल आणि एक संध्याकाळ पुरे. ज्याला गुणाकार येतो त्या कोणालाही ते काम जमेल. हिशेब मांडणाऱ्याने तो असाच मांडावा, आणि ज्यांच्या नावाने तो मांडला जातो त्यांनी तो स्वतः करून पाहावा.