प्लगइन आणि सर्व्हरलेस फंक्शन

तयार सॉफ्टवेअरच्या मूळ कोडला हात न लावता त्यात भर घालण्याची जुनी सोय म्हणजे प्लगइन. मॅकिन्टॉशवरच्या हायपरकार्डमध्ये ती १९८७ सालीच होती. २००४ मध्ये वर्डप्रेसच्या १.२ आवृत्तीने ती वेबसाइट चालवणाऱ्या सामान्य माणसाच्या हाती दिली. बाहेरचा कोड सहसा मूळ प्रोग्रॅमच्या पोटातच चालतो. म्हणून तो चपळ असतो, आणि बिघडला तर मूळ प्रोग्रॅमलाही घेऊन बुडतो.

दुसरी वाट, सर्व्हरलेस फंक्शनची, बरीच नंतरची. कोड चालेल तेवढ्याचेच पैसे ही कल्पना लंडनच्या फोटँगो कंपनीने २००६ मध्ये झिम्की या सेवेत आणली. ती सेवा लवकरच बंद पडली. नोव्हेंबर २०१४ मध्ये अॅमेझॉनने लॅम्डा जाहीर केली आणि कल्पना रुजली. नाव सर्व्हरलेस असले तरी सर्व्हर असतोच, फक्त त्याची उस्तवार वापरणाऱ्याकडे नसते. मायक्रोसॉफ्टची अझुर फंक्शन्स २०१६ मध्ये आली.

दोन्ही वाटा समोरासमोर येतात त्या मायक्रोसॉफ्टच्याच डायनॅमिक्स या ग्राहकनोंदी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. तिथे प्लगइन २००७ च्या ४.० आवृत्तीपासून आहेत. समजा, ग्राहकाची उधारीची मर्यादा ओलांडणारी ऑर्डर नोंदवली जात आहे. सिंक्रोनस, म्हणजे नोंद होत असतानाच चालणारा, प्लगइन सहसा डेटाबेसच्या त्याच व्यवहारात चालतो. त्याने एरर दिली की ऑर्डरसकट सगळे बदल रद्द होतात. अर्धवट नोंद मागे उरत नाही, आणि हेच प्लगइनचे खरे बळ. मात्र त्याला दोन मिनिटांत काम संपवावे लागते, आणि तेवढा वेळ पडद्यासमोरचा माणूस ताटकळतो.

फंक्शन बहुधा नोंद जतन झाल्यावर रांगेतला निरोप उचलून कामाला लागते. पीडीएफ बनवणे, बँकेच्या यंत्रणेशी बोलणे, हजारो नोंदी जुळवणे अशी कामे त्याला शोभतात. पण त्यात चूक निघाली तर आधीची नोंद आपोआप मागे फिरत नाही; ती निस्तरण्याचा कोड वेगळा लिहावा लागतो. बराच वेळ निजलेले फंक्शन जागे व्हायलाही काही क्षण घेते.

नव्याच्या ओढीने सगळेच नियम फंक्शनमध्ये हलवणे चुकीचे आहे. नोंद अडवण्याचा अधिकार ज्या नियमाला हवा, तो प्लगइनमध्येच असावा. नोंदीनंतर सावकाश होऊ शकणारे काम रांगेतून फंक्शनकडे द्यावे.